कचरा माशांचा कैवार

बंदर सोडण्याआधीच तांडेलाचे ठरलेले असते. सुरमईसाठी जायचे तर जाळे एक, बोंबलासाठी डोल वेगळी. बर्फ किती घ्यायचा, डिझेल किती भरायचे, किती दिवसांचा शिधा न्यायचा, सारे त्याच हिशेबाने. जाळे पाण्यात पडल्यावर ठरवायचे फारसे काही उरत नाही. जालना जिल्ह्याला समुद्र नाही, तरी कोणता मासा धरायचा हा प्रश्न इथेही आहे आणि इथेही तो पाण्यावर जाण्याआधीच सुटतो. फरक एवढाच की इथे तो जुलै-ऑगस्टमध्ये, मत्स्यबीजाची गाडी तलावाच्या काठावर येते तेव्हा सुटतो. आणि माझ्या मते तो वर्षानुवर्षे चुकीचा सुटत आला आहे.

प्रचलित मत सरळ आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे खरे मासे. ते सोडायचे, ते वाढवायचे, तेच धरायचे. मरळ, शिवडा, शिंगटा हे त्यांचे शत्रू. खवली, मळ्या आणि बोटाएवढी बारीक मासळी म्हणजे कचरा. तलाव ठेक्याने घेतलेल्या संस्थेच्या वहीत कटला-रोहू-मृगळाला स्वतंत्र रकाने असतात. उरलेले सारे 'इतर'. हे मत केवळ अडाण्यांचे नाही. शिकलेले, अनुभवी, तलावावर आयुष्य घालवलेले लोक ते मांडतात. म्हणून त्यांची बाजू आधी नीट, पूर्ण जोरानिशी मांडली पाहिजे.

ते म्हणतात : एक, हे तीन मासे एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. कटला वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ आणि कुजका पालापाचोळा खातो. तिघे मिळून तलावातले सगळे अन्न वापरतात, म्हणून ४०:३०:३० अशा प्रमाणात ते सोडले जातात. देशी बारीक मासे त्याच अन्नावर डल्ला मारतात आणि अंगाने मात्र वाढत नाहीत. दोन, मरळ आणि शिवडा विकत आणलेले बीज खाऊन टाकतात. तीन, गिऱ्हाईक रोहूच मागते. खवली कोण विचारतो? चार, मोठा मासा धरावा, लहान सोडावा हा तर जगभर मान्य झालेला शहाणपणा आहे, आणि मोठा होणारा मासा म्हणजे ही त्रयीच.

चारही मुद्दे वजनदार आहेत. पहिला तर शेततळ्यात शब्दशः खरा आहे. पण मेख तिथेच आहे. पहिले दोन मुद्दे शेततळ्यातून उचललेले आहेत, चौथा समुद्रावरून आणलेला आहे आणि तिसरा बाजाराच्या अर्धवट पाहणीतून आलेला आहे. जालन्याचा तलाव शेततळेही नाही आणि समुद्रही नाही. तो जूनमध्ये रिकामा, सप्टेंबरात भरलेला आणि मे महिन्यात पुन्हा जोत्याखाली (पाणी सोडता येण्याच्या पातळीखाली) जाणारा एक तिसराच प्रकार आहे.

आधी हे पाणी कसे आहे ते पाहू. कल्याण, कल्याण गिरिजा, अप्पर दुधना, जुई, धामना, जीवरेखा आणि गल्हाटी हे जिल्ह्यातले सात मध्यम प्रकल्प. लघु तलाव पन्नासहून अधिक. दक्षिणेला गोदावरी आणि तिच्यावरचे जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे. परतूर-मंठ्याच्या बाजूला निम्न दुधना प्रकल्पाचा फुगवटा. पाटबंधारे खाते ज्यांना 'मध्यम' म्हणते त्यांतले बहुतेक मत्स्यशास्त्राच्या मापाने लहानच ठरतात, कारण ते शास्त्र पाण्याचे क्षेत्र मोजते आणि हजार हेक्टरांखालचा जलाशय लहान समजते. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण या जिल्ह्यात सरासरी ही कागदावरच भेटते. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच. ज्या वर्षी झाड जगवायला पाणी नसते, त्या वर्षी माशाला कुठले असणार?

आता ही त्रयी इथे आली कशी ते पाहू. रोहू मुळात गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतला. कटला-रोहू-मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा विणत नाहीत; त्यांना पावसाळी पुराचे वाहते पाणी आणि काठाची बुडालेली उथळ जमीन लागते. म्हणून पूर्वी त्यांचे बीज बंगालच्या नद्यांतून गोळा होई आणि रेल्वेने देशभर जाई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात विणायला लावले. तो दिवस आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, आणि तो पाळण्याच्याच लायकीचा आहे. त्यानंतर मत्स्यजिरे, अर्धबोटुकली, बोटुकली अशा टप्प्यांनी बीज तयार करण्याची केंद्रे उभी राहिली. पण त्याचा एक परिणाम कोणी बोलून दाखवत नाही. ज्याचे बीज मुबलक मिळते, तोच मासा तलावाला योग्य असे आपण मानू लागलो. निवड पाण्याने केली नाही, बीजकेंद्राने केली.

त्याआधी दख्खनच्या पाण्यात मासे नव्हते असे थोडेच आहे? मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल सायक्स यांनी दख्खनच्या नद्यांतल्या माशांचे वर्णन केले. त्यांनी नाव दिलेल्या जाती १८३९ सालच्या म्हणून शास्त्रात नोंदल्या आहेत. त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडची नावे तशीच लॅटिनमध्ये बसवली, म्हणून 'मुल्या', 'खुद्री', 'कोलुस' ही नावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रात चालतात. जे जाळेवाल्यांना वेगवेगळे ओळखता येत होते, ज्यांना सायक्स यांनी एकेक करून मोजले, ते पुढच्या सव्वाशे वर्षांत 'इतर' या एका रकान्यात जमा झाले.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला : बारीक मासे अन्न पळवतात. शेततळ्यात बीज सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकतात, हेक्टरी अडीच हजार किलो. तिथे ते जमते, कारण पाणी मालकाच्या हातात असते, क्षेत्र गुंठ्यांत असते, खाद्य बाहेरून टाकायचे असते आणि मासे शेवटी पाणी काढून मोजून घ्यायचे असतात. जालना तालुक्यातल्या कडवंचीसारख्या गावात शेततळ्यांनी द्राक्षबागा जगवल्या. तशा अस्तर घातलेल्या तळ्यात कोणी रोहू-कटला वाढवत असेल तर मी त्याला अवाक्षरानेही टोकणार नाही. पण शेकडो हेक्टरांच्या तलावाला पेंड कुठून आणणार, आणि ज्या पाण्यावर गावाची नळयोजना आहे त्यात ती टाकणार तरी कोण? म्हणजे 'कचरा' काढून टाकता येत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की तो धरायचा की नुसता शिव्या देत जाळ्यातून झटकायचा.

आणि तो खरोखर अन्न पळवतो का? बांगलादेशात एके काळी कार्पची तळी तयार करताना बारीक देशी मासे विष घालून मारत. पुढे तिथल्या प्रयोगांत मोला नावाचा बोटाएवढा मासा कार्पबरोबर मुद्दाम वाढवून पाहिला, तेव्हा कार्पचे उत्पादन घटले नाही आणि मोल्याचे वरकड मिळाले. हा मासा डोक्या-काट्यांसकट खातात, म्हणून त्यातले कॅल्शियम पोटात जाते; आणि त्यातले 'अ' जीवनसत्त्व प्रामुख्याने डोळ्यांत व आतड्यांच्या भागात असते, म्हणजे मोठ्या माशाचे आपण जे फेकून देतो त्यात. या कामासाठी डॉ. शकुंतला थिल्स्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. ज्या मराठवाड्यात बालकांच्या कुपोषणावर बैठका होतात, तिथल्या तलावात हे औषध पोहत असते आणि आपण त्याला कचरा म्हणतो.

दुसरा : मरळ आणि शिवडा बीज खातात. खातात, यात शंका नाही. पण ते काय आकाराचे बीज खातात? जिरे किंवा अर्धबोटुकली सोडली तर मरळच काय, बेडूक आणि बगळाही खाईल. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचा सल्ला शंभर मिलिमीटरहून मोठी बोटुकली सोडावी असा आहे, तो याचसाठी. मोठे बीज महाग पडते आणि संख्या कमी भरते. कागदावर मात्र संख्या मोठी दिसावी लागते. म्हणून बारीक बीज सोडायचे, ते मेले की खापर मरळीवर फोडायचे, असा हा मामला आहे. शिवाय मरळ-शिवड्यांचे रोजचे खाणे म्हणजे तीच बारीक मासळी, जिला आपण कचरा म्हणतो. ज्यांना कचरा नकोसा आहे आणि कचरा खाणाराही नकोसा आहे, त्यांना नेमके काय हवे आहे हे त्यांनीच ठरवावे.

तिसरा : बाजारात रोहूच चालतो. चालतो, पण कोणाचा? जालन्याच्या बाजारात थर्माकोलच्या पेट्यांतून, बर्फात घातलेला जो रोहू-कटला येतो, त्यातला मोठा भाग आंध्र प्रदेशातल्या तळ्यांचा. तिथे गोदावरी-कृष्णेच्या मुखाकडच्या सखल प्रदेशात, भीमावरम आणि कोल्लेरूच्या परिसरात हजारो हेक्टरांवर हाच एक धंदा चालतो. हेक्टरी टनांनी मासा निघतो, बारमाही पाणी, कारखान्याचे खाद्य, रोजचे ट्रक. जालन्यातला भोई आपल्या अर्ध्या वर्षाच्या पाण्यात तोच मासा काढून त्याच्याशी स्पर्धा करणार, तीही भावात! म्हणजे एकाच नदीच्या वरच्या अंगाने खालच्या अंगाशी, तिच्याच हत्याराने, तिच्याच रणात लढायचे. ही लढाई सुरू होण्याआधीच हरलेली आहे.

उलट मरळ पाहा. तिला हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ती पाटीभर पाण्यात तासन् तास जिवंत राहते आणि जिवंत विकली जाते. रोहूपेक्षा ती महाग जाते, आणि बर्फ लागत नाही. आंध्रच्या पेटीतल्या माशाला हे जमत नाही. शिवडा, शिंगटा, वाम यांचेही तेच : गिऱ्हाईक कमी असेल, पण जे आहे ते भाव पाडून मागत नाही, कारण या माशांत घशात अडकणारे बारीक काटे कार्पच्या मानाने फार कमी.

राहिली खवली. तिला कोणी विचारत नाही, हे विधान जो करतो त्याने आठवडी बाजार नीट पाहिलेला नाही. बारीक मासळी तिथे तराजूवर जात नाही, वाट्यांनी जाते. बाई पोत्यावर ढीग मांडते, गिऱ्हाईक ढीग बघते, एक मूठ वर टाकायला लावते आणि घेऊन जाते. किलोच्या भावात न बसणारा हा व्यवहार वहीत उमटत नाही, म्हणून तो नाहीच असे आपण समजतो. आणि त्याच बाजारात चार पावलांवर सुकट विकायला असते. कोकणातून आलेला, नखाएवढा, सोंडेसकट वाळवलेला जवळा! मराठवाड्यातले घर सुकटीची चटणी भाकरीशी आवडीने खाते. कोकणातून वाळून आला की जो बारीक जीव चवीचा होतो, तो आपल्या तलावात ताजा मिळाला की कचरा होतो, हा कुठला न्याय?

चौथा मुद्दा सर्वांत प्रतिष्ठित : मोठा धरा, लहान सोडा. समुद्रावर हा नियम योग्य आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ सागरी जातींसाठी धरण्याजोगी किमान लांबी ठरवली. राज्यमासा ठरलेल्या पापलेटासाठी ती १४ सेंटिमीटर आहे. हेतू असा की माशाने निदान एकदा तरी अंडी घालावीत आणि मग जाळ्यात यावे. हेतू उत्तम. पण समुद्रातले बहुतेक मासे समुद्रातच विणतात, यावर हा नियम उभा आहे. तलावातला रोहू तलावात सहसा विणत नाही. तो एक किलोचा झाला काय आणि पाच किलोचा झाला काय, त्याच्या पोटातली अंडी त्या पाण्याच्या उपयोगाची नाहीत. त्याला पुढच्या पिढीसाठी राखून ठेवण्यात काही अर्थच नाही. त्याचा प्रश्न वेगळा आहे : पाणी संपायच्या आत तो बाहेर निघाला का?

इथे आपल्याकडे काय होते पाहा. ऑगस्ट-सप्टेंबरात बीज सोडले. फेब्रुवारीत मासा अर्धा-पाऊण किलोचा झाला. संस्थेतले जाणते म्हणतात, थांबा, दोन किलोचा कटला होऊ द्या, भाव मिळेल. मार्चमध्ये उन्हाळी पिकांना आवर्तन सुटते, एप्रिलमध्ये टँकर भरायला सुरुवात होते, मे महिन्यात पाणी जोत्याखाली जाते. उरलेल्या कोमट, गढूळ पाण्यातला प्राणवायू पहाटे संपतो आणि मोठा कटला सगळ्यांत आधी पांढरे पोट वर करतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात ते हेच. चांगल्या पावसाच्या सलग दोन वर्षांत ही वाट पाहणे फळते, आणि त्या दोन वर्षांच्या आठवणीवर पुढची अनेक वर्षे तोटा सोसला जातो.

जे मासे तलावात विणतात त्यांच्याबाबत हाच नियम उलट बाजूने चुकतो. 'मोठा धरा' म्हणजे मोठी मादी धरा. डिएगो बार्नेचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ३४२ सागरी जातींचा अभ्यास मांडला. वजन वाढते त्यापेक्षा जास्त वेगाने अंडी वाढतात असे बहुतेक जातींत दिसले. तीस किलोची एक कॉड मादी दोन किलोच्या अठ्ठावीस माद्यांहून अधिक अंडी देते. म्हणजे नुसती खालची मर्यादा पुरेशी नाही, वरचीही हवी. समुद्रशास्त्रज्ञच हे म्हणू लागले असताना आपण त्यांचा जुना अर्धा नियम तलावावर आणून लावतो.

आणि मरळीची मोठी जोडी आपण कशी धरतो? पावसाळ्यात उथळ, गवताळ काठाला ती घरटे करते. पिल्ले निघाली की त्यांचा लालसर पुंजका पाण्याच्या वरच्या अंगाला फिरू लागतो. तेवढ्या जागेत पाणी मंद आधणासारखे बुडबुडत असते. खाली आई-बाप पहारा देतात. पिल्लांच्या जवळ जे येईल त्याच्यावर ते धावून जातात, आणि हाच स्वभाव त्यांना नडतो. पुंजक्यात बेडकी लावलेला गळ टाकला की राखणदार तो तोंडात घेतो. एका गळाला एक मरळ मिळते. शेकडो पिल्लांचा पुंजका तासाभरात खवल्या आणि पाणसापांच्या तोंडी जातो. याला मोठा मासा धरणे म्हणत नाहीत, बेणे खाणे म्हणतात.

एवढे खंडन झाले. आता माझी बाजू.

कोणता मासा धरायचा हे दोन प्रश्नांवरून ठरावे. पाणी किती महिने टिकणार? आणि हा मासा या पाण्यात विणतो का? भावाचा प्रश्न तिसरा. पहिल्या दोहोंची उत्तरे मिळाल्यावर विचारायचा.

या दोन प्रश्नांनी तलावातल्या माशांची तीन खाती पडतात. पहिले खाते सोडलेल्या कार्पचे. हे पीक आहे. ते पेरले तेवढेच उगवते. जो तलाव सरासरीच्या वर्षीही मे महिन्यात तळ गाठतो, तिथे जानेवारीपासून ते काढायला लागावे आणि पाणी जोत्याला टेकण्याआधी शेवटचा मासाही बाहेर असावा. किलोला चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. ज्या पाण्यात दोन उन्हाळे निघण्याची खात्री आहे, म्हणजे निम्न दुधनेच्या फुगवट्यासारख्या मोठ्या पाण्यात, तिथे खुशाल दोन किलोची वाट पाहावी.

दुसरे खाते तलावात विणणाऱ्या देशी माशांचे : मरळ, शिंगटा, वाम, खवली, बारीक मासळी. हे पीक नव्हे, खोड आहे. त्याला फांद्या फुटू द्यायच्या आणि फांद्याच तोडायच्या. जून ते ऑगस्ट काठाच्या विणीच्या जागा सोडून द्याव्यात. मरळीच्या पुंजक्यावर गळ टाकणाऱ्याला संस्थेने स्वतःच दंड करावा. आणि दुष्काळात जो शेवटचा डोह उरतो, त्यातले सगळे मासे ओढून न काढता बेण्यापुरते राखावेत. मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेत चिखलाच्या पाण्यातही तग धरतात; कटला-रोहूला ते शक्य नाही. पुढच्या पावसात हा डोह तलाव फुकट भरून देतो. शेतकऱ्याला बेणे राखायचे शिकवावे लागत नाही. तलावाच्या ठेकेदाराला का शिकवावे लागते?

तिसरे खाते चिलापीचे. मूळची आफ्रिकेची तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली. ती तलावातच विणते, तोंडात अंडी सांभाळते आणि दाटी झाली की खुजी राहून आणखी विणत बसते. तिला विणीची सवलत नको, आकाराची मर्यादा नको. मिळेल तेव्हा, मिळेल तेवढी धरावी. परदेशी मांगुराबद्दल तर बोलायलाच नको. त्याच्या पालनावर बंदी आहे.

यावर जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो खरा कठीण आहे. ते म्हणतील, खवली धरायची तर बारीक आसाचे जाळे टाकावे लागणार. त्यात आमची बोटुकलीच आधी अडकेल. बरोबर आहे. ऑगस्ट ते डिसेंबर बारीक आस पाण्यात पडताच कामा नये. पण मार्चपर्यंत कार्प पाऊण किलोच्या घरात गेलेला असतो, दोन बोटांच्या आसात त्याचे डोकेही शिरत नाही. तोवर मोठ्या आसाचे तंगूस जाळे खोल पाण्यात चालावे. संध्याकाळी ट्यूबवर बसून लावावे, पहाटे काढावे. मार्चनंतर बारीक आसाचे जाळे आणि फेकजाळे उथळ काठाला चालावे. दोन्ही खाती एकाच तलावात नांदतात. काळ आणि जागा वेगळी केली म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी भारतातल्या जलाशयांचा जो आढावा लिहिला, त्यात लहान जलाशयांचे सरासरी उत्पादन हेक्टरी ४९.९ किलो, मध्यमांचे १२.३ आणि मोठ्यांचे ११.४३ किलो आहे. म्हणतील, बघा, जिथे बीज सोडून पुरते काढून घेता येते तिथे चौपट निघते. मान्य. म्हणूनच मी बीज सोडू नका असे म्हणत नाही. पण हेही पाहा की हे पन्नास किलो म्हणजे आंध्रच्या तळ्यातल्या टनांपुढे काहीच नाहीत. तळ्याची कृती तलावावर केली तर तळ्याचे उत्पन्न मिळत नाही. आणि पाणी मोठे होत जाते तसा सोडलेला मासा विरळ होतो. तिथे स्वतः विणणाराच मासा कामाला येतो. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात मोठ्या नाईल पर्चच्या निर्यातीचा डंका वाजला, देशी मासे त्याच्या पोटात गेले. पण आज तिथे निघणाऱ्या मासळीत वजनाने निम्म्याहून अधिक वाटा बोटाएवढ्या, वाळवून खायच्या 'डागा' माशाचा आहे. तिथल्या गरिबाचे ताट त्याच्यावर चालते.

देशी माशांचे बीज मिळत नाही, ही तक्रार अर्धीच खरी. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशिराचे बीज तयार केले आहे. दख्खनच्या नद्यांतल्या तांबीर माशाचेही कृत्रिम प्रजनन झालेले आहे. मागणी असेल तर बीज तयार होते. १९५७ चा धडा तोच आहे. संस्थांनी मागितले नाही म्हणून केंद्रांनी केले नाही, आणि केंद्रांनी केले नाही म्हणून तो मासा संस्थांना कचरा वाटला.

तेव्हा निकाल असा. कटला-रोहू-मृगळ ठेवा, पण त्यांना पीक समजा आणि पाण्याच्या आधी उचला. देशी माशांना कचरा म्हणणे बंद करा. ते तुमचे बेणे आहे आणि दुष्काळात तेवढेच उरते. जिल्ह्यातल्या प्रत्येक मच्छीमार संस्थेला एक विनंती आहे : येत्या जुलैत बीजाची मागणी नोंदवण्याआधी गेल्या पाच वर्षांत आपला तलाव कोणत्या महिन्यात जोत्याखाली गेला ते लिहून काढा. आणि वहीतला 'इतर' हा रकाना खोडून त्या जागी मरळ, शिंगटा, वाम, खवली अशी चार नावे घाला. जो मासा वहीत नाही, त्याचा विचार ठरावातही होत नाही.